कर्जाची मुदत आणि शेअरची किंमत

एखाद्या कंपनीचा शेअर घेण्यापूर्वीं मध्यमवर्गीय गृहस्थ बहुधा दोनच गोष्टी विचारतो: नफा किती आणि डिव्हिडंड किती. कर्जाची चौकशी केलीच, तर ती रकमेपुरती. परंतु कर्ज किती आहे याइतकेंच तें केव्हां फेडावयाचें आहे, हेंही शेअरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनें महत्त्वाचें असतें.

प्रथम रकमेचा हिशेब पाहावा. दोन कारखाने आहेत व प्रत्येकाची मालमत्ता 100 लाख रुपयांची आहे, असें समजावें. पहिल्यानें सर्व भांडवल भागधारकांकडून घेतलें. दुसऱ्यानें 25 लाख भागधारकांकडून व 75 लाख कर्जाऊ. मंदी येऊन मालमत्तेची किंमत 10 लाखांनीं उतरली, तर पहिल्याच्या भागधारकांचें 10 टक्के नुकसान होतें. दुसऱ्याच्या धनकोंचे 75 लाख मात्र जसेच्या तसे उभे असतात. घट सगळी भागधारकांच्या 25 लाखांतून जाते, आणि त्यांचें नुकसान 40 टक्के होतें. उरले 15 लाख. तेवढीच घट पुन्हां झाली, तर ती त्यांतील दोन-तृतीयांश गिळून टाकील. शेअर घसरला कीं त्याचे पुढील चढउतार अधिक तीव्र होतात, याकडे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिशर ब्लॅक यांनीं 1976 सालीं लक्ष वेधलें होतें. त्याचें एक कारण हेंच गणित. तेजींत तें उलट फिरतें, म्हणूनच कर्जाचा मोह सुटत नाहीं.

पण या हिशेबांत काळ कोठेंच नाहीं. दहा वर्षांच्या कर्जरोख्यांचा धनको, व्याज वेळेवर मिळत असेल तर, मंदीच्या वर्षांत मुद्दल मागण्यास येऊं शकत नाहीं. तीन महिन्यांच्या कागदाचा धनको वर्षांतून चार वेळां दाराशीं उभा राहतो. जुना कागद फेडण्यासाठीं नवा काढावयाचा, हा व्यवहार बाजाराचा विश्वास असेपर्यंत सुरळीत चालतो. अल्पमुदतीचें व्याजही बहुधा कमी असतें, त्यामुळें नफा फुगून दिसतो. विश्वास उडाला कीं नवा कागद कोणी घेत नाहीं, आणि मालमत्ता पडत्या भावानें विकावी लागते.

मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स या पेढीचें उदाहरण अनेक कुटुंबांच्या स्मरणांत असेल. ती घरांसाठीं दीर्घ मुदतीचीं कर्जें देई. स्वतः मात्र कांहीं पैसा अल्पमुदतीच्या कागदांवर उभारी. सप्टेंबर 2018 मध्यें आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसमूहानें देणीं थकविलीं व बाजार साशंक झाला. त्याच महिन्याच्या 21 तारखेस, एका म्युच्युअल फंडानें दिवाणचे कागद चढ्या व्याजदरानें, म्हणजेच कमी किंमतीस विकल्याची वार्ता पसरली. पेढीनें तोंवर एकही देणें चुकविलें नव्हतें, व तसें तिनें सांगितलेंही. तरीही शेअर त्या एका दिवसांत 40 टक्क्यांहून अधिक कोसळला. मागचें देणें फिटलें कीं नाहीं, हें बाजार विचारीत नव्हता. पुढचें कशांतून फिटणार, हा त्याचा प्रश्न होता.

जून 2019 मध्यें व्याज थकलें. नोव्हेंबरांत रिझर्व्ह बँकेनें संचालक मंडळ दूर सारून प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखालीं नेलें. अफरातफरीचे आरोपही झाले, तेव्हां सारा दोष मुदतींच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. सुमारे 87,000 कोटींच्या दाव्यांपोटीं सुमारे 34,000 कोटी, कांहीं रोख व कांहीं रोख्यांच्या रूपानें, देण्याची योजना 2021 सालीं मंजूर झाली. मुदतठेवी ठेवणाऱ्या अनेकांनाही पूर्ण रक्कम मिळाली नाहीं. भागधारकांचा क्रम तर कायद्यानेंच शेवटचा; त्यांच्या वाट्यास शून्य आलें.

कारखान्याच्या ताळेबंदांत वर्षाच्या आंत फेडावयाचीं देणीं निराळीं दाखविलेलीं असतात. कर्जें देणाऱ्या पेढ्यांच्या ताळेबंदांत ही विभागणी वरवर पाहून दिसत नाहीं. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्यें मुदतींचें एक कोष्टक असतें. त्यांत पुढील वर्षांत येणें किती व देणें किती, हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावे लागतात.