जाड भिंतीचा भरवसा किती?

मंडळी, आपल्या जेऊरकडचं जुनं माळवद उन्हाळ्यात थंड खरं. पण भूकंपात ते टिकेल का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात हजारो माणसं अशाच घरांखाली दडपली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले-बाहेरचे पदर सुटले आणि धाब्याची जड माती अंगावर आली. तेव्हा घर नीट पाहा. भिंतीला पोट आलंय का? कोपऱ्यात उभी भेग आहे का? दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड आहेत का? गळती थांबवायला दरसाल टाकलेली माती किती साचली? गुरुजींनी शाळेच्या जुन्या खोल्याही अशाच पाहाव्यात. शंका येताच अभियंत्याला दाखवा, त्याच्या सल्ल्यानं माथ्यावरचं ओझं उतरवा. भिंत नुसती जाड असून भागत नाही. ती एकजीव हवी.