न्हाणीतला गिझर आणि मोलचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत वाशिम, रिसोड, कारंजा भागात सकाळचा गारठा वाढला की गॅस गिझरची आठवण होते. वीज गेली तरी चालतो आणि पाणी लगेच तापते, त्यामुळे तो घरोघरी बसू लागला आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र तो न्हाणीच्या आतच, दारामागच्या भिंतीवर टांगलेला असतो. तिथे काय घडते हे समजायला अकरावीच्या रसायनशास्त्रातला मोल पुरतो. परीक्षा झाली की तो बहुतेक जण विसरतात, हे दुर्दैव.

कोणत्याही वायूचा एक मोल एकाच तापमानाला व दाबाला सारखीच जागा व्यापतो. ही कल्पना इटलीच्या अॅव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडली. शून्य अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला ही जागा २२.४ लिटर भरते. वाशिम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, शिवाय हवा शून्य अंशापेक्षा गरम. म्हणून इथे २५ लिटर धरावेत.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. सोयीसाठी सगळा ब्युटेन मानू. त्याच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू, म्हणजे एक मोल ५८ ग्रॅमचा. तो पूर्ण जळायला साडेसहा मोल ऑक्सिजन लागतो आणि ४ मोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो. घरगुती गिझर मिनिटाला साधारण १५ ग्रॅम गॅस जाळतो. हे झाले पाव मोलाहून थोडे जास्त. त्यासाठी दर मिनिटाला सुमारे ४२ लिटर ऑक्सिजन खर्च होतो आणि २६ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

आता चार फूट बाय सहा फुटांची, आठ फूट उंच न्हाणी घ्या. तिच्यात सुमारे ५,४०० लिटर हवा मावते आणि त्यात ऑक्सिजन जेमतेम १,१४० लिटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर दहा मिनिटांत ४२० लिटर, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन संपेल. फटींतून थोडी हवा येते म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो, इतकेच.

खरा घात याच्या पुढे आहे. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो. जळलेल्या कार्बनपैकी शंभरातले दोनच भाग या वाटेने गेले, तरी दहा मिनिटांत सुमारे पाच लिटर विषारी वायू जमेल. म्हणजे हवेच्या हजार भागांत जवळपास एक भाग. अशा हवेत आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि पुढे शुद्ध हरपते. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम लावलेला असतो, या वायूला मात्र वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवावा आणि आत फक्त पाण्याचा नळ आणावा. ते जमत नसेल तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला जावे. आतून कुणी हाकेला ओ देत नसेल तर दार तोडायला मागेपुढे पाहू नये. गिझर बंद करून माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा.

डॉक्टरांना ‘न्हाणीत गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगावे. काही रुग्णांना झटके येतात आणि घरचे ते फिट समजतात. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटरही इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते, म्हणून बेशुद्ध माणसाचा आकडाही ९८ दिसू शकतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर तास-दीड तासात तेवढे काम होते.