हिशेब यंत्राचा, अदमास कोणाचा?

लक्ष्मीपुरीतील एका किराणा दुकानात गेल्या दिवाळीच्या आधी घडलेला हा प्रसंग. अडीच किलो गूळ घेतला. दर किलोला ६० रुपये. गल्ल्यावरच्या तरुणाने यंत्राची बटणे दाबली आणि शांतपणे सांगितले, "पंधराशे रुपये." दशांशचिन्ह दाबायचे राहून गेले होते, एवढेच. "अरे, अडीच किलो गुळाचे पंधराशे कसे होतील?" असे विचारल्यावर त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिले आणि "मशीन तर एवढेच दाखवतंय, काका," असे उत्तर दिले. दीडशे हा आकडा त्याला पटला, तो दुसऱ्यांदा बटणे दाबून झाल्यावर. मुलगा चुणचुणीत होता, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला गुणाकार येत नव्हता, असेही म्हणता येणार नाही. पंधराशे हा आकडा उच्चारताना त्याला काहीच खटकले नाही, ही बाब मात्र विचार करायला लावणारी आहे.

असे काही घडले, की आपल्याकडे एक ठरलेले निदान केले जाते. कॅल्क्युलेटर आले, मोबाईल आले आणि पाढे गेले. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांची आठवण निघते. तिन्हीसांजेला देवापुढे बसून म्हटलेल्या परवच्याची आठवण निघते आणि हल्लीच्या पिढीला नावे ठेवून विषय संपतो. यातील हळहळ प्रामाणिक असली, तरी निदान इतिहासाला धरून नाही.

अपूर्णांकांचे हे पाढे मुळात एका विशिष्ट बाजारपेठेची गरज होती. रुपयाचे १६ आणे आणि मणाचे ४० शेर, अशा मापांच्या जगात पाव, अर्धा, पाऊण यांच्यावाचून पान हलत नसे. त्या काळातील तोंडी हिशेबाचा एक नियम पाहण्यासारखा आहे. मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितके आणे. ४० शेरांचा सोळावा भाग अडीच शेर आणि रुपयाचा सोळावा भाग एक आणा, एवढेच त्यामागचे गणित. गुळाचा भाव मणाला १२ रुपये असेल, तर अडीच शेर गुळाचे १२ आणे झाले. कागद नको, पेन्सिल नको. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेत गुळाचा व्यापार वाढला, तो अशाच तोंडी हिशेबांवर. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर गेला, मण गेला आणि त्यांच्याबरोबर हा सुरेख नियमही निरुपयोगी ठरला. खिशात मावणारा कॅल्क्युलेटर जगाच्या बाजारात आला, तो १९७० च्या दशकात. म्हणजे औटकीची गरज संपली, तेव्हा कॅल्क्युलेटर जन्मालाही आला नव्हता. आजच्या मुलाला औटकी येत नाही म्हणून त्याला कमी लेखणे हे मोडी वाचता येत नाही म्हणून त्याला निरक्षर ठरवण्यासारखेच आहे.

मात्र या पाढ्यांबरोबर नकळत आणखी एक गोष्ट अंगवळणी पडत असे. तिला मराठीत 'अदमास' असा नेमका शब्द आहे. अचूक उत्तर हाती येण्यापूर्वीच ते साधारण किती असावे, याची जाण म्हणजे अदमास. दिवसभर भाव आणि वजने कानांवर पडणाऱ्या माणसाला ती निराळी शिकावी लागत नसे. शाळेच्या वेळापत्रकात अदमासाचा तास कधीच नव्हता. तो भरत असे दुकानाच्या ओट्यावर आणि आठवड्याच्या बाजारात. उत्तर देणारे यंत्र हाती आले, तेव्हा हा तास बंद झाला आणि तो भरत होता याचीच कोणाला कल्पना नसल्यामुळे तो बंद झाल्याची दखलही घेतली गेली नाही.

कॅल्क्युलेटरमुळे गणित बिघडते काय, या प्रश्नाचा अभ्यास जुना आहे. अमेरिकेतील हेम्ब्री आणि डेसार्ट या अभ्यासकांनी १९८६ मध्ये तोवरच्या ७९ संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. वर्गात नेहमीच्या अध्यापनाच्या जोडीने कॅल्क्युलेटर वापरला, तर मुलांचे हातचे गणित बिघडत नाही, उलट थोडे सुधारते, असे त्यांना आढळले. अपवाद होता चौथी इयत्तेचा. या वयातील मुलांच्या मूलभूत आकडेमोडीला कॅल्क्युलेटरच्या सततच्या वापराने बाधा येते, असे दिसले. साधन चांगले की वाईट, यापेक्षा ते कोणत्या टप्प्यावर हाती येते, हे महत्त्वाचे ठरते, असा याचा अर्थ लावता येईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत हेच नव्याने पुढे आले आहे. तुर्कस्तानातील माध्यमिक शाळांमध्ये सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सराव करताना ज्यांना संगणकीय मदतनिसाकडून थेट उत्तरे मिळत होती, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली; पण मदतनीस काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ही मुले मदत कधीच न घेतलेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. दुसऱ्या गटाच्या मदतनिसाला उत्तर न देता केवळ दिशा दाखवण्याची सूचना होती. त्या गटाचे असे नुकसान झाले नाही.

याउलट, यंत्र हाती नसले म्हणजे सारे काही आपोआप येते, असेही नाही. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भाजीच्या गाड्यावर किलोवर आणि ग्रॅमवर भाव चुटकीसरशी सांगणारी ही मुले तेच गणित कागदावर मांडून दिल्यावर अडखळत होती. शाळेत जाणाऱ्या मुलांची स्थिती नेमकी उलटी. आपल्याकडे जुने लोक पाढ्यांचे जे गुणगान करतात, त्यात बाजारातील सराव आणि शाळेतील घोकंपट्टी यांची अशीच गल्लत झालेली असते. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची 'असर' पाहणी २०२३ मध्ये झाली. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरताही येत होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे मात्र सुमारे ४३ टक्क्यांनाच जमले. या दुरवस्थेचे खापर मोबाईलवर फोडणे सोपे आहे, पण भागाकार शिकवण्याची जबाबदारी मोबाईलने कधी घेतली नव्हती.

हे केवळ आकड्यांपुरते आहे काय? कोल्हापूरकरांना याचे उत्तर शोधायला परदेशी प्रयोगांपर्यंत जाण्याची गरज नाही. शहराबाहेर थोड्याच अंतरावर असलेले गुऱ्हाळ पुरेसे आहे. 'कोल्हापुरी गूळ' या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावामागे जे कसब आहे, ते बहुतांशी गुळव्या नावाच्या एका माणसाच्या बोटांत असते. काहिलीत उसाचा रस उकळू लागला, की चुन्याने त्याचा आंबटपणा मारायचा, भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढायची आणि मग पाक कधी उतरवायचा, हे ठरवायचे. लवकर उतरवला तर ढेप मऊ राहून पाझरते. उशीर झाला तर करपून गूळ काळपट पडतो. निर्णयाला मिळणारा अवधी फार थोडा असतो. गुळव्या थोडासा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि तिच्या टणकपणावरून हुकूम सोडतो. त्याबरोबर चुलवाणातील जाळ थांबतो आणि पाक वाफ्यात ओतला जातो.

ढेपेचा गूळ साधारण ११६ ते ११८ अंश सेल्सिअसला तयार होतो, हे आता माहीत आहे. येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रासारख्या संस्थांच्या कामातून असे शास्त्रीय ज्ञान गुऱ्हाळापर्यंत पोचले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. जाणता गुळव्या मिळणे दुरापास्त झाले असताना नवख्या माणसाला तापमापकाचा आधार वाटणे साहजिकच आहे. परंतु तापमापक सांगतो ते फक्त तापमान. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीतला ऊस आणि पन्हाळ्याकडच्या निचऱ्याच्या जमिनीतला ऊस यांचा पाक एकाच अंशावर सारखा वागत नाही. तोडून दोन दिवस पडलेल्या उसाचा रस ताज्या रसासारखा वागत नाही. गेल्या हंगामात करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर खांबाला तापमापक टांगलेला दिसला. म्हातारा गुळव्या गोळी वळून हुकूम सोडत होता आणि मग सहज म्हणून तापमापकाकडे नजर टाकत होता. "आमचं पोरगं आधी त्यात बघतंय, मग गोळी करतंय," तो हसून म्हणाला. क्रम तेवढा उलटा झाला होता. बापाला तापमापकाची चूक पकडता येत होती. मुलाला ती पकडता येईल की नाही, हे आणखी चार-दोन हंगामांनी कळेल.

(जाता जाता, गिऱ्हाइकांनीही आपली परीक्षा यंत्राविनाच गमावली आहे, हे सांगायला हवे. पिवळाधमक तोच चांगला गूळ, एवढीच पारख उरल्यामुळे रंग उजळण्यासाठी हायड्रोस वापरण्याचा मोह गुऱ्हाळवाल्यांना होतो. चव आणि वास यांवरून गूळ ओळखणारी आजी घरोघरी होती, तेव्हा हे इतके सोपे नव्हते.)

गुऱ्हाळाऐवजी साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत तर अदमासाचा संबंध थेट खिशाशी येतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर 'काटामारी' होते, हा आरोप या जिल्ह्याला नवा नाही. स्वाभिमानी शेतकरी संघटनेने २०२२ च्या हंगामात सर्व कारखान्यांचे वजनकाटे ऑनलाइन करावेत, अशी मागणी लावून धरली होती. तंत्रज्ञान येथे संकट म्हणून नव्हे, तर पंच म्हणून हवे होते, ही गोष्ट यंत्रांविषयी सरसकट तक्रार करणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. वैधमापन खात्याची तपासणी असते, भरारी पथके असतात. तरीही पहिला संशय यावा लागतो, तो शेतकऱ्याच्याच मनात. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरली. एका खेपेला दोन क्विंटलांचा फरक पडला, तर ७१० रुपये गेले. दहा खेपांचे ७,१०० झाले. हा गुणाकार कोणताही मोबाईल क्षणात करून देईल. वजनाच्या पावतीवरचा आकडा दोन क्विंटलांनी कमी आहे, हे मात्र तो सांगू शकत नाही.

ते कळण्यासाठी शेतकऱ्याजवळ मोळ्यांचा हिशेब असे. एका मोळीचे साधारण वजन किती आणि गाडीत मोळ्या किती भरल्या, यावरून गाडी शेताबाहेर पडण्यापूर्वीच टनाचा अंदाज बांधला जाई. पावती आली, की तो ताडून पाहायचा. आता तोडणी मजुरांच्या टंचाईमुळे ऊसतोडणी यंत्रे शिवारात शिरली आहेत. या यंत्राने तोडलेल्या उसाची मोळी बांधली जात नाही. कांड्यांचे तुकडे होऊन ते थेट वाहनात पडतात. त्यात पाचट मिसळलेले असते आणि त्यापोटी वजनातून टक्केवारीने वजावट होते. त्यामुळे शेतकऱ्याला एकाऐवजी दोन अदमास बांधावे लागणार आहेत, वजनाचा आणि पाचटाचा, आणि मोजायला मोळी तर उरलेली नाही.