अ‍ॅनच्या शेजारणी

१९७०च्या दशकात आम्ही नवराबायको इथिओपियात शिक्षक होतो. ह्यांचा सगळा दिवस शाळेत आणि इंग्रजीत जायचा. माझा अर्धा दिवस बाजारात जायचा. 'सिंत नव?' म्हणजे 'केवढ्याला?' हा मी शिकलेला पहिला अम्हारिक प्रश्न. कांदे, मसूर, कोळसा यांची घासाघीस करता करता वर्षभरात मी शेजारणींशी मनातलं बोलू लागले. ह्यांची गाडी मात्र रामरामाच्या पुढे सरकली नाही.

पुढे अ‍ॅन जडसन या अमेरिकन मिशनरी बाईचं चरित्र हाती आलं आणि त्यात हीच गोष्ट दीडशे वर्षं जुनी होऊन भेटली. तिचा नवरा अ‍ॅडोनिरम ब्रह्मदेशात, रंगूनमध्ये दिवसभर पंडितासमोर बसून बर्मी शिकत होता. पंडिताला इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून वस्तूकडे बोट दाखवायचं आणि तो म्हणेल तो शब्द लिहून घ्यायचा. व्याकरण नवऱ्याचं पक्कं झालं, पण बोलण्यात बायकोच पुढे गेली, कारण नोकरचाकर आणि बाजारहाट तिच्याकडे होता.

जडसनांआधी मला माहीत होती ती हॅरिएट न्यूअल. नगरला मिशनच्या शाळेत आम्हाला तिची गोष्ट सांगत. हॅरिएट आणि अ‍ॅन अमेरिकेतल्या ब्रॅडफर्डच्या शाळासोबतिणी. १९ फेब्रुवारी १८१२ला दोघी आपापल्या नवऱ्यांबरोबर सेलम बंदरातून एकाच जहाजाने निघाल्या. अ‍ॅनच्या लग्नाला दोन आठवडे झाले होते, हॅरिएट अठरा वर्षांची होती. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिलं नाही. न्यूअल पतिपत्नी मॉरिशसकडे निघाली. वाटेत, जहाजावरच, हॅरिएटला मुलगी झाली आणि गेली. ३० नोव्हेंबरला, मॉरिशस बेटावर, हॅरिएटही गेली. जानेवारीत जडसन तिथे पोहोचले तेव्हा त्यांच्या हाती फक्त बातमी आली. तिचा नवरा सॅम्युएल पुढे मुंबईला आला, गॉर्डन हॉलबरोबर मराठी मिशनचं काम केलं आणि १८२१ साली तिथेच वारला. त्याच मिशनचं काम १८३१मध्ये आमच्या नगरला सुरू झालं. म्हणून ही मंडळी मला परकी वाटत नाहीत.

जडसन जुलै १८१३मध्ये रंगूनला उतरले. येतानाच्या प्रवासात अ‍ॅनलाही मृत मूल झालं होतं. पाव, लोणी, बटाटे यांचं नाव नव्हतं. रोज भात, कोंबडीचा रस्सा आणि काकडी घालून शिजवलेली कोंबडी. पहिला माणूस ख्रिस्ती झाला तो १८१९मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. मिशनच्या इतिहासात ही सहा वर्षं दोन ओळींत उरकतात. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण तेवढ्यात अ‍ॅनने माणसं जोडली.

सुभेदाराच्या बायकोला भेटायला ती मुद्दाम गेली. बाई भरजरी कपड्यांत, तोंडात लांब चांदीची चिलीम घेऊन आल्या. सुभेदाराच्या बाकीच्या बायका अदबीने दूर बसल्या होत्या. बाईंनी विचारलं, नवरा आहे का, मुलं आहेत का, आणि तू नवऱ्याची पहिली बायको का? घरात हिचा मान किती, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. ज्या घरात चार बायका असतात तिथे हा साधा, आपुलकीचा प्रश्न आहे.

१८१६च्या मे महिन्यात जडसनांचा आठ महिन्यांचा मुलगा रॉजर गेला. सुभेदाराची बायको मोठा लवाजमा घेऊन दुखवट्याला आली आणि ऊर बडवत म्हणाली, मला निरोप का धाडला नाहीत, मातीला आले असते. मग काही दिवसांनी नवराबायकोला हत्तीवर बसवून ती रानात फिरवायला घेऊन गेली. तेवढाच दुःखाला विसावा. अ‍ॅनच्या पत्रांत बर्मी लोकांच्या 'अज्ञाना'विषयी जे येतं ते मला खटकतं. पण हा प्रसंगही तिनेच लिहून ठेवला आहे, आणि कृतज्ञतेने.

१८२४मध्ये इंग्रज आणि बर्मी यांचं युद्ध पेटलं. जडसन तेव्हा राजधानी आवा इथे होते. ८ जूनला अ‍ॅडोनिरमला हेर समजून तुरुंगात टाकलं, पायांत बेड्या घातल्या. तुरुंगात जेवण मिळत नसे, घरच्यांनी आणावं. अ‍ॅन रोज एकेका अधिकाऱ्याच्या दारात उभी राहायची. एकदा तिने नवऱ्याला घरची आठवण म्हणून म्हशीचं मांस आणि केळी घालून अमेरिकन पद्धतीचा पाय केला. तो पाहून त्याला रडू आवरेना, घास काही उतरला नाही. नव्या कराराच्या भाषांतराची हस्तलिखितं तिने एका कडक, ओबडधोबड उशीत शिवून त्याला दिली होती, कुणाला चोरावीशी वाटू नये म्हणून.

याच काळात, जानेवारी १८२५मध्ये, मरियाचा जन्म झाला. पुढे कैद्यांना औंगपेनला गावी हलवलं तेव्हा अ‍ॅन तान्ह्या लेकीला घेऊन मागोमाग गेली आणि तिथे अंथरुणाला खिळली. दूध आटलं. त्यांचा बंगाली स्वयंपाकी तेव्हा खरा आधार झाला. पगाराचं नाव न काढता तो लांबून लाकूडफाटा, पाणी आणायचा, आधी बाईंना आणि कैदेतल्या साहेबांना खाऊ घालायचा, मग स्वतः जेवायचा.

बाळाच्या दुधासाठी पहारेकऱ्यांना काही देऊन अ‍ॅडोनिरमला बाहेर सोडवून घ्यावं लागे. पायांत बेड्या, कडेवर पोर, असा तो गावात दारोदार फिरे. अंगावर पाजणाऱ्या बायका आपलं मूल बाजूला ठेवून मरियाला पदराखाली घेत. त्यांचा राजा अमेरिकनांना शत्रू मानत होता आणि त्या शत्रूच्या लेकीला या बायका पाजत होत्या.

युद्ध संपलं. २४ ऑक्टोबर १८२६ला, नवरा दूर असताना, अ‍ॅन ब्रह्मदेशातल्या अ‍ॅम्हर्स्ट गावी वारली. सहा महिन्यांनी मरियाही गेली. अ‍ॅडोनिरमने बर्मी बायबल पुरं केलं, ते आजही वाचलं जातं. मी मात्र ते चरित्र उघडते तेव्हा औंगपेनलाच्या पानावर थांबते. त्या बायकांपैकी एकीचंही नाव त्यात नाही.