लाकडातील चेहरा : बोहाड्याचे सोंग आणि जपानचा मुखवटा

मराठीत ‘सोंग’ हा शब्द बहुधा निंदेसाठी वापरला जातो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यातील घरांना समजावून सांगावी लागत नाही. परंतु पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत सोंग म्हणजे मुखवटा धारण केलेले पात्र. आणि ते घेऊन नाचणे हा त्या घराण्याचा मान असतो. होळीनंतरच्या दिवसांत तेथे बोहाडा भरतो. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा आणि लगतच्या डांग भागांत त्याच जातीच्या उत्सवाला भवाडा म्हणतात. संबळ आणि पिपाणीच्या तालावर, मशालींच्या उजेडात एकामागून एक सोंगे रात्रभर येतात आणि पहाटे देवी व महिषासुराच्या युद्धाने उत्सवाची सांगता होते. यात संवाद फार थोडे. चाल, ताल आणि मुखवटा यांनीच कथा सांगायची असते.

असा मुखवटा घडविणे हे सुताराचे आणि चित्रकाराचे मिळून काम आहे. लाकूड निवडताना पहिला विचार वजनाचा, कारण ते नाचणाऱ्याच्या डोक्यावर यायचे असते. सावर, पांगारा यांसारखी लाकडे मऊ व हलकी असतात. सावंतवाडीची खेळणी घडविणाऱ्या कारागिरांनीही पांगारा जवळ केला तो याच गुणांमुळे. बंगालच्या दिनाजपूर भागात गोमिरा नृत्याचे मुखवटे गंभारीच्या, म्हणजे आपल्या शिवणीच्या, लाकडात कोरतात. तेथील कुशमंडीच्या लाकडी मुखवट्यांना २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाकसाने ओंडक्याला ढोबळ आकार द्यावयाचा, पटाशीने नाक, ओठ, भुवया काढावयाच्या आणि मग मागील बाजू पोखरावयाची. या पोखरण्याने वजन उतरते आणि लाकूड वाळताना तडकण्याचा धोकाही कमी होतो. अलीकडे बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे अधिक दिसतात. कागद हलका, स्वस्त आणि हाताशी असणारा. पण त्याबरोबर पटाशीचे ज्ञान मागे पडत जाते.

हीच कला जपानमध्ये कोणत्या मार्गाने गेली, हे पाहणे आपणा बौद्धांना विशेष उद्बोधक ठरेल. जपानच्या जुन्या इतिहासग्रंथानुसार इ. स. ६१२ मध्ये कोरियातील बेकजे राज्यातून आलेल्या मिमाजी नावाच्या कलावंताने तेथे ‘गिगाकु’ हे मुखवट्यांचे नृत्यनाट्य शिकविले. ते बौद्ध विहारांच्या प्रांगणात होत असे. ७५२ साली नारा येथील तोदाइजी विहारात बुद्धाच्या महामूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले. तो विधी भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्खूच्या हस्ते झाला आणि त्या सोहळ्यात गिगाकु सादर झाले. कापूरवृक्ष व पाउलोनिया यांच्या लाकडात कोरलेले, सगळे डोके झाकणारे ते मुखवटे आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांत एक मुखवटा ‘बारामोन’ म्हणजे ब्राह्मणाचा आहे. तेराव्या शतकातील एका ग्रंथातील वर्णनानुसार हे पात्र लंगोट धुण्याचा अभिनय करून प्रेक्षकांना हसवीत असे. जन्माच्या श्रेष्ठत्वाचा बडिवार बौद्ध विहाराच्या अंगणात हास्याचा विषय झाला होता, ही नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे चौदाव्या शतकात कानामी आणि त्यांचे पुत्र झेआमी यांनी ‘नो’ या नाट्यप्रकाराला रूप दिले. नो मुखवटा हिनोकी या सुरूच्या कुळातील झाडाच्या लाकडात कोरतात. त्यावर शिंपल्यांची पूड सरसात कालवून थरावर थर देतात, ते घासून गुळगुळीत करतात आणि मग रंग भरतात. हा मुखवटा चेहऱ्याहून लहान असतो. नटाची हनुवटी खाली उघडी राहते. त्यावर हसू किंवा रडू स्पष्ट कोरलेले नसते. नटाने मान किंचित वर केली की प्रकाश पडून चेहरा उजळतो, खाली झुकविली की ओठांवर, डोळ्यांवर सावली येऊन तोच चेहरा खिन्न दिसतो. लाकूड तेच, भाव मात्र दोन! हे साधण्यासाठी कारागिराला गालाचा उतार आणि पापणीची कड केसाएवढ्या अचूकतेने सांभाळावी लागते. बोहाड्याचा मुखवटा मशालीच्या उजेडात दुरून दिसावा म्हणून मोठा, ठसठशीत आणि भडक रंगांचा. नोचा मुखवटा जवळून, शांतपणे पाहावयाचा. प्रत्येकाने आपापल्या रंगभूमीची गरज ओळखलेली आहे.

आता मुख्य मुद्दा. झेआमी ज्या नटांच्या वर्गातून आले, तो समाजात हीन गणला जात होता. शोगुन योशिमित्सू याने या मुलाला जवळ बसविले तेव्हा १३७८ साली एका दरबारी उमरावाने आपल्या रोजनिशीत, हा धंदा भिकाऱ्यांचा, अशा आशयाची नाराजी नोंदविली. त्याच कलेला २००१ साली युनेस्कोने मानवजातीचा श्रेष्ठ वारसा म्हणून गौरविले. या प्रवासात राजाश्रयाचा वाटा होताच. पण झेआमींनी आपली विद्या ग्रंथांत लिहून ठेवली, हेही तितकेच महत्त्वाचे.

आपल्याकडे कला जातीला बांधलेली होती. हलगी कोणी वाजवावी, पोतराज कोणी व्हावे, हे जन्माने ठरे. नकाराला जागा नव्हती. बाबासाहेबांच्या शिकवणीने आपण ही लाचारी झुगारली, आणि ते योग्यच झाले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने कोणत्याही मुखवट्यापुढे हात जोडण्याचा प्रश्न नाही. परंतु सक्ती आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंबेडकरी जलशाने हे फार पूर्वी दाखवून दिले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाची चौकट, ढोलकी, सवाल-जवाब घेतले. देवाचे स्तवन आणि शृंगार वगळून त्या जागी समतेचा विचार आणला. हत्यार जुने होते, काम नवे.

आपल्या घरांतही अशी विद्या आहे. हलगीचे कातडे कमावून कसे ताणावे, वाकळीचा टाका कसा घालावा, दोर कसा वळावा हे जाणणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमचे सांगणे एवढेच की, येत्या दिवाळीच्या सुट्टीत घरातील अशा एका वडीलधाऱ्या माणसाजवळ मुलाला वही घेऊन बसवावे. हत्यारांची नावे, कामाचा क्रम, शिकविणाऱ्याचे नाव असे सारे त्याने लिहून घ्यावे. त्या वह्या शाळेत आल्या, तर पुढील स्मरणिकेत त्या विद्येला आणि ती जपणाऱ्या माणसांना आपण नावानिशी स्थान देऊ.