दत्तपूरचे दिवाण आणि विनोबांची कठोर शाळा

संतमहात्म्यांच्या चरित्रांतली साक्षात्काराची पाने मी भराभर उलटतो. माणूस किती वाजता उठायचा, काय खायचा, भांडी कोण घासायचे, हा मजकूर आला की मात्र थांबतो. ही खोड जुनी आहे आणि तिच्यामुळे माझ्याकडे वेगवेगळ्या मठांच्या, सेमिनरींच्या आणि आश्रमांच्या दिनक्रमांचा बराच साठा झाला आहे. त्यातच वर्ध्याचे प्रकरण बसले होते. ते पुन्हा उघडायला निमित्त झाली गांधीजींची ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही छोटी पुस्तिका. मूळ १९४१ची, १९४५ साली सुधारून वाढवलेली. तिच्यात कुष्ठरोग्यांवर एक छोटे प्रकरण आहे. हिंदुस्थानात या माणसांची काळजी घेतात ते जवळजवळ फक्त मिशनरीच, अशी सरळ कबुली गांधीजी तिथे देतात. मग निव्वळ प्रेमापोटी एका भारतीयाने चालवलेली एकच संस्था ते सांगतात : वर्ध्याजवळची, मनोहर दिवाण यांची.

एवढ्या मोठ्या देशात एकच नाव! बाबा आमट्यांचे आनंदवन अजून व्हायचे होते. तरी आज शंभर वाचकांत मनोहरजी दिवाण किती जणांना आठवतील? हा माणूस कुठल्या मुशीतून निघाला, हे शोधू लागलो की आपण पोचतो विनोबांच्या सत्याग्रहाश्रमात.

आश्रमाची जन्मकथा बहुतेकांना ठाऊक असते. गांधीजींच्या साबरमती आश्रमाची शाखा वर्ध्यात व्हावी हा जमनालाल बजाजांचा हट्ट होता. विनोबा ८ एप्रिल १९२१ला वर्ध्यात आले, तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. एप्रिलमध्ये वर्ध्यात यायचे म्हणजे विदर्भाच्या उन्हाशीच पहिली गाठ. तिथे त्यांच्याभोवती जमलेली मुले त्यांच्याहून फार लहान नव्हती. जमनालालजींनी आपला मुलगा कमलनयन यालाही याच शाळेत घातले. शेठजींचा मुलगा म्हणून सवलत मिळण्याची ती जागा नव्हती.

इथे कशाची दीक्षा मिळे? धर्मप्रचारकाच्या शिक्षणात सहसा ग्रंथ, वक्तृत्व आणि प्रतिपक्षाच्या खंडनाची तयारी असते. परदेशातून आलेला पाद्री पहिली एक-दोन वर्षे मुन्शीसमोर बसून मराठी घोटायचा, ती उपदेश करता यावा म्हणून. वर्ध्याच्या आश्रमात उपदेश हा विषयच नव्हता. पहाटेच्या अंधारात प्रार्थना व्हायची. मग दळण, झाडलोट, संडास-सफाई, स्वयंपाक, पिंजण, कताई, विणकाम आणि यातून उरलेल्या वेळात अभ्यास. नोकर नाही. अस्वाद हे आश्रमाच्या अकरा व्रतांपैकी एक, त्यामुळे जेवणात जिभेला सुख नाही. उपनिषद शिकायचे तेही हाताला काम असतानाच. विनोबा स्वतः दिवसाचे आठ-आठ तास सूतकामात घालवीत, तेव्हा शिष्याने कंटाळा आला म्हणायची सोय नव्हती.

कंटाळा येत असणारच. आश्रमाच्या आठवणी लिहिणारे सगळे भारावलेले असल्यामुळे तो कागदावर फारसा उतरत नाही. पण रोज तेच सूत, तीच प्रार्थना, तीच बेचव भाजी, यात विशी-पंचविशीतली वर्षे घालवणाऱ्यांच्या मनात ‘आपण नेमके कशाची तयारी करतो आहोत?’ हा प्रश्न आला नसेल, हे मला पटत नाही.

विनोबांनी या दिनक्रमाचा गणिती कडेलोट केला तो नालवाडीत. १९३२च्या अखेरीस ते वर्ध्याला लागून असलेल्या त्या वस्तीत राहायला गेले होते. १९३५ साली त्यांनी ठरवले की कताईच्या मजुरीवरच जगून पाहायचे. रोज चार गुंड्या सूत. एका गुंडीत ६४० तार आणि एक तार चार फुटांचा, म्हणजे दिवसाला दहा हजार फुटांवर धागा. त्याला साडेआठ-नऊ तास लागत. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत असे गांधीजी म्हणत होते. प्रत्यक्ष बाजारात कातणारणीच्या हाती पडत त्याहून कितीतरी कमी. विनोबांनी आपला आहार तोळ्यांत बसवला : दूध पन्नास तोळे, भाजी तीस, गहू पंधरा ते वीस, तेल चार, आणि वर थोडा मध, गूळ किंवा फळ. आजच्या मापाने दूध अर्ध्या किलोच्या थोडे वर, गहू पाव किलोच्या आत. नऊ तास अंगमेहनत करणाऱ्या माणसाचे हे खाणे! १९३८ साली त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले आणि क्षयाची शंका घेतली गेली, त्यात नवल ते काय? गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जा म्हटले. विनोबांनी जवळचे पवनार निवडले. धाम नदीच्या काठी जमनालालजींचा बंगला होता, तिथे सगळ्या कामांचा विचार मनातून सोडून ते कुदळ हाती घेऊन हळूहळू खणू लागले. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेले.

गुरूची ही तऱ्हा, तर शिष्यांचे काय! मनोहर दिवाण त्यांच्यापैकीच एक. खादीच्या कामात मुरलेले. १९३४ साली विनोबांनी ग्रामसेवा मंडळ काढले आणि त्यांची माणसे वर्धा तालुक्यातली खेडी पायी फिरू लागली. या फिरण्यात पुन्हापुन्हा एक गोष्ट समोर येई : गावकुसाबाहेर, गोठ्याच्या आडोशाला बसवलेला कुष्ठरोगी. भाकरी लांबून टाकायची, पाणी वरून ओतायचे, ही रीत. सूतकताईच्या अभ्यासक्रमात याचे उत्तर नव्हते. मनोहरजींनी सांगितले की मी हे काम घेतो.

हे १९३६चे वर्ष आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. डॅप्सोन हे औषध अजून यायचे होते. चौलमुग्रा तेलाची इंजेक्शने हाच काय तो उपचार होता. ती दुखत आणि त्यांच्या गुणाची खात्री कोणी देत नसे. स्पर्शाने रोग लागणारच, ही शिकल्यासवरल्यांचीही समजूत होती. म्हणजे तरुण माणूस या कामात गेला की घरच्यांच्या लेखी तो गेलाच.

विनोबांनी पुढे सांगितलेला एक प्रसंग मला या सगळ्या सामग्रीत मोलाचा वाटतो. मनोहरजींची आई तेव्हा आश्रमात राहून सगळ्यांचा स्वयंपाक करीत असे. मुलाचा बेत कळल्यावर ती अस्वस्थ होऊन विनोबांकडे आली. मुलाला आवरा, हेच तिला हवे होते. विनोबांनी व्रतांचे व्याख्यान दिले नाही. उद्या हा रोग तुम्हालाच झाला तर मनोहरने काय करावे असे तुम्हाला वाटेल, एवढेच विचारले. ती मिनिट-दोन मिनिटे गप्प राहिली आणि मग म्हणाली की त्याला माझा आशीर्वाद आहे.

प्रश्न विचारणारा हुशार होता, यात वाद नाही. माझ्या मते या गोष्टीत दीक्षा पूर्ण केली ती मात्र आईने. मुलाची वर्षानुवर्षांची तयारी झालेली होती. तिला दोन मिनिटे मिळाली, तीही चुलीपुढून उठून आल्यावर. एवढे असूनही या गोष्टीत तिला जागा मिळते ती ‘मनोहरजींची आई’ एवढीच.

मनोहरजींचे दत्तपूरचे कुष्ठधाम वर्ध्याजवळ नागपूर रस्त्यावर उभे राहिले ते आश्रमाच्या वळणानेच. रोग्याला अंथरुणावर बसवून पोसायचे नाही. ज्याला जेवढे झेपेल तेवढे शेतात, चरख्यावर, मागावर काम त्याने करायचे. कताईचा तो रटाळ अभ्यासक्रम इथे भलत्याच कारणाने कामाला आला. बोटे झडू लागलेल्या माणसाला भीक मागण्यावाचून दुसरा धंदा उरलेला नसताना त्याच्या हाताला काम द्यायचे म्हणजे ते काम आधी स्वतःच्या बोटांत पुरते मुरलेले असावे लागते. पुढे सेवाग्रामात गांधीजींनी परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा केली, त्याचे छायाचित्र जगभर गेले. येरवड्याच्या तुरुंगातले ते जुने सोबती, संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगाने गांजलेले. त्यांचे अखेरचे दिवस मात्र दत्तपुरात गेले आणि १९४५ साली तिथेच त्यांचे देहावसान झाले. तिथल्या शुश्रूषेला असे छायाचित्र लाभले नाही.

या शाळेची एक बाजू मला खटकते, ती इथेच सांगतो. १९४६पासून विनोबा पवनारहून जवळच्या सुरगावला फावडे खांद्यावर टाकून रोज मैला साफ करायला जात. एकदा वाटेतल्या ओढ्याला पूर आला. पलीकडच्या शेतातल्या माणसाला त्यांनी हाक मारून सांगितले की देवळातल्या देवाला निरोप दे, गावचा भंगी आला होता पण पुरामुळे ओलांडता आले नाही. विनोबा आले होते असे सांगतो, म्हणणाऱ्या त्या माणसाला त्यांनी दुरुस्तही केले. गोष्ट सुंदर आहे. पण ज्यांच्या माथी ते काम जन्माने मारले गेले होते, त्यांना देवळापर्यंत निरोप नव्हे तर त्या कामातून सुटका हवी होती, आणि आंबेडकर तेच कानीकपाळी ओरडून सांगत होते. मनोहरजींनी निवडलेले काम मला म्हणूनच वेगळे वाटते. तिथे सेवकाच्या व्रतापेक्षा रोग्याचे पोट आणि त्याची जखम मोठी ठरली.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे : कांचनमुक्तीचा प्रयोग, तेलंगण, भूदान, तेरा वर्षांची पदयात्रा. मला परत यायचे आहे ते पवनारच्या स्वयंपाकघरात. २५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी तिथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, ते बहिणींसाठी. वर्ध्यात पहिली चूल पेटल्यावर अडतीस वर्षांनी. ब्रह्मचर्य आणि अध्यात्मसाधनेची सामुदायिक वाट आजवर पुरुषांनीच अडवून धरली, हे त्यांचे निदान होते. ते अचूक होते, फक्त उशिरा झाले. इथे प्रमुख कोणीच नाही. निर्णय व्हायचा तो सर्वांच्या संमतीने; एकीलाही पटले नाही तर थांबायचे. शेती, गोशाळा, सफाई, स्वयंपाक हे सगळे आपसांत वाटून घेतलेले, आणि ‘मैत्री’ मासिक छापायचे तेही आपल्याच हातांनी. पहाटे ईशावास्य, दुपारच्या आधी विष्णुसहस्रनाम आणि त्यांच्यामध्ये श्रम, हा साचा ओळखीचा आहे. वर्ध्याच्या जुन्या मुलांनी तो लगेच ओळखला असता.

विनोबांचा विचार घेऊन प्रचाराला निघाल्या त्याही बायकाच. हेमा भराली, लक्ष्मी फूकन, निर्मल वेद आणि देवी रिझवानी अशा चौघी १९६७ साली इंदूरच्या कस्तुरबाग्रामहून पायी निघाल्या. या पदयात्रेचे नाव लोकयात्रा, आणि तिचा संकल्प बारा वर्षांचा होता. दोघी आसामच्या. वाटेत मुक्काम मिळेल त्या घरी, जेवण मिळेल ते. गावात पोचल्यावर बायकांची सभा घ्यायची, तर बायका मोकळ्या होईपर्यंत थांबावे लागे, कारण सगळ्या चुलीपाशी. म्हणून त्या आधी घराघरांत जात आणि बोलणे तिथेच सुरू होई.