सुव्लाकी : ग्रीकांची आणि राळेगावची

लेखाचे शीर्षक वाचून आमच्या वर्गातील मित्र म्हणतील की, वार्षिकांकात कथा, कविता आणि वैचारिक निबंध यांची रेलचेल असताना ह्या गृहस्थाला मटणाखेरीज विषयच सापडला नाही! आरोप मान्य आहे. मात्र ह्या विषयाची सुरुवात खानावळीत झाली नसून वर्गात झाली, एवढे गुरुजनांच्या कानावर घालून ठेवतो.

त्याचे असे झाले. ग्रीक महाकाव्यांविषयी बोलताना सरांनी ‘इलियड’च्या नवव्या सर्गातील एक प्रसंग सांगितला. रुसून आपल्या डेऱ्यात बसलेल्या अकिलिसची समजूत घालण्यासाठी ओडिसियस, एजॅक्स आणि वृद्ध फिनिक्स येतात. राग कितीही असला तरी पाहुणे दारी आले आहेत. अकिलिस स्वतः मेंढीचे, बकऱ्याचे व डुकराचे मांस कापतो, तुकडे सळयांत ओवतो. त्याचा मित्र पेट्रोक्लस विस्तव पेटवतो. जाळ विझून गेल्यावर तो निखारे पसरतो, त्यांच्यावर सळया मांडतो आणि मीठ शिंपडतो. जेवणे आटोपल्यावर मग राजकारणाच्या गोष्टी. तास दुपारी बाराचा होता. सर्वांच्या पोटात कावळे ओरडत होते. पुढची भाषणे कोणी किती ऐकली हे देव जाणे, पण मला त्या सळया काही केल्या विसरता येईनात.

ग्रंथालयात शोधाशोध केली तेव्हा कळले की ह्या पदार्थाला आजचे ग्रीक लोक ‘सुव्लाकी’ म्हणतात. ‘सुव्ला’ म्हणजे सळई आणि ‘सुव्लाकी’ म्हणजे छोटी सळई. अथेन्समध्ये तिलाच ‘कालामाकी’, म्हणजे बोरूची काडी, असेही नाव आहे. आज तेथे ती बहुधा डुकराच्या मांसाची असते. कोकराची आणि कोंबडीचीही करतात. पदार्थ किती जुना? थेरा बेटावरील आक्रोतिरी हे गाव इसवी सनापूर्वी सतराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात सळया टेकविण्यासाठी खाचा केलेले भाजक्या मातीचे आधार सापडले आहेत. म्हणजे होमरच्याही कितीतरी आधीपासून ही मंडळी सळईवर मांस भाजत होती.

ह्या सळईचे आपल्याशीही नाते आहे. जुन्या ग्रीक भाषेत सळईला ‘ओबेलोस’ म्हणत. नाणी प्रचारात येण्यापूर्वी लोखंडी सळया पैशासारख्या वापरीत असत आणि त्यावरूनच ‘ओबोल’ हे नाण्याचे नाव आले. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, आणि द्राख्मा ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘मूठभर’! आर्गोस येथील हेरा देवीच्या मंदिरात सापडलेला लोखंडी सळयांचा जुडगा अथेन्सच्या नाणे-संग्रहालयात ठेवलेला आहे. हा द्राख्मा व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे आला आणि ‘द्रम्म’ झाला. शिलाहारांच्या कोरीव लेखांत द्रम्म भेटतात. त्याच द्रम्माचा पुढे ‘दाम’ झाला. तेव्हा खाटकाच्या दुकानी आपण मटणाचे दाम विचारतो, त्या शब्दात मूठभर सळया लपलेल्या असतात.

आणि पदार्थ तरी ग्रीकांचाच कशाला? अमरकोशात सळईवर भाजलेल्या मांसाला ‘शूल्य’ आणि ‘भटित्र’ असे शब्द दिले आहेत. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकातला विदूषक राजाच्या शिकारीला कंटाळून जी रडगाणी गातो, त्यांत अवेळी खावे लागणारे हे सळईवरचे मांस हीदेखील एक तक्रार आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याची कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ह्या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात ‘भडित्रक’ ह्या नावाने हाच प्रकार येतो. असो. एवढा पूर्वेतिहास गाठीशी आल्यावर हा पदार्थ घरी करून पाहण्याची खुमखुमी मला स्वस्थ बसू देईना.

आमच्या घरी मटण चुलीवर, पण अंगणात शिजते. आजीच्या गळ्यात माळ आहे. मटणाची भांडी वेगळी, चूल वेगळी, आणि रांधणारे बाबा. बाबा जिनिंगमध्ये कामाला जातात. त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीत अर्धा किलो मटण जेमतेम बसते, त्यामुळे ते घरात येते ते सणासुदीलाच. धुळवडीच्या दिवशी मी बाबांकडे हट्ट धरला, “आज अर्धं मटण माझ्या हाती द्या. ग्रीक पद्धतीनं करून दाखवतो.” बाबा हसले आणि त्यांनी दिले.

अंगणात दोन विटांच्या मध्ये पऱ्हाटी पेटविली. कपाशीच्या काड्याच त्या, भडाभड पेटल्या. मी लिंबू, लसूण, मीठ आणि भरपूर तेल लावलेले मटण सळयांत ओवून त्या जाळावर धरले. तेल ठिबकले की जाळ हातभर वर उडे. पाच मिनिटांत तुकडे कोळशासारखे काळे झाले. मी मोठ्या डौलाने ताटली पुढे केली. बाबांनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला. वरून करपलेले, आतून रक्ताळ कच्चे. त्यांनी दुसराही खाल्ला. मग काही न बोलता सगळे तुकडे सळयांवरून काढले, करपलेला भाग सुरीने खरवडला आणि ते आपल्या रश्श्याच्या गंजात टाकले. तासाभराने आम्ही सर्वांनी तेच मऊ झालेले मटण भाकरीबरोबर खाल्ले. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला त्या रात्री वाटले.

पुढे महिन्याने हनुमान जयंतीला शेतात रोडग्यांचा बेत होता. रोडगे भाजण्याचे काम आजीचे. तिने गोवऱ्या रचल्या, पेटविल्या आणि ती निवांत बसून राहिली. धूर सरला, जाळ गेला, गोवऱ्यांवर पांढरी राख धरली, तेव्हा कुठे तिने काठीने विस्तव सारखा केला आणि रोडगे आत घातले. माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, “त्या दिवशी जाळावर काहून भाजलं रे? जाळानं वरून करपते न् आत कच्चंच रायते. इंगय पडू द्या लागते पयले.”

मी चपापलोच. धुळवडीला ती नाकाला पदर लावून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिचे माझ्याकडे लक्ष असेल असे मला वाटले नव्हते. आणि ती जे सांगत होती ते पेट्रोक्लसने केले होते, सरांनी वर्गात सांगितले होते, मी वहीत लिहूनही घेतले होते. जाळ विझल्यावर निखारे पसरले, हे वाक्य मी केवळ वर्णन म्हणून वाचले. ती कृती होती.

यामागचे शास्त्र थोडक्यात असे. मांसातील प्रथिने पन्नास-साठ अंश सेल्सियसपासून आकसू लागतात आणि सत्तरच्या आसपास आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून फार भाजलेले मांस कोरडे व वातड होते. स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट कोलॅजेन मात्र तासन्‌तास ओल्या उष्णतेत राहिले तरच विरघळून त्याचे जिलेटिन होते. रश्श्याला तेवढा वेळ असतो, सळईला नसतो. माझे फसलेले तुकडे बाबांच्या गंजात का सुधारले याचे उत्तर हेच. उलट, भाजलेल्या मांसाचा खमंगपणा पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास तापल्यावर येतो. ह्या क्रियेचे वर्णन माइयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. उकळत्या पाण्याचे तपमान शंभराच्या वर जात नाही, म्हणून नुसत्या शिजविलेल्या मटणाला तो वास येत नाही. म्हणजे सळईवर बाहेरून बरीच आणि आतून बेताची अशी दुहेरी उष्णता साधावी लागते. जाळ कमीजास्त होतो, काजळी धरतो आणि आत ऊब पोचण्यापूर्वीच वरचा भाग जाळून टाकतो. निखारा मात्र सारखी, स्थिर आच देतो.

दुसऱ्या खेपेसाठी बाबांकडे पैसे मागण्याचा धीर झाला नाही. सुटीत एका ओळखीच्या दुकानात हिशेब लिहून चार पैसे मिळाले, त्यांतून मटण आणले. ह्या वेळी जे जमले ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

आपल्याकडे कोकराचे मांस सहसा मिळत नाही. कोवळ्या बोकडाचे मांडीचे मटण घ्यावे. हाडांसह पाऊण किलो घेतले तर बिनहाडाचे सुमारे अर्धा किलो निघते आणि चौघांना पुरते. वरचा पांढरा चिवट पडदा काढून टाकावा, थोडी चरबी राहू द्यावी. धाग्यांना आडवे कापून इंचाइंचाचे सारखे तुकडे करावेत. लहानमोठे झाले तर एक करपतो आणि दुसरा कच्चा राहतो.

ग्रीक लोक ऑलिव्हचे तेल वापरतात. मी शेंगदाण्याचे दोन चमचे घेतले. त्यात लसणाच्या सहा-सात ठेचलेल्या पाकळ्या, चहाचा एक चमचा मीठ आणि थोडी मिरपूड घातली. अडचण होती ती त्यांच्या ‘रिगानी’ ह्या वनस्पतीची. शहरात ती ‘ओरेगानो’ म्हणून पुडीत मिळते. तिचा वास कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ह्या द्रव्यांमुळे येतो. हीच द्रव्ये आपल्या अंगणातल्या पानओव्यात आहेत! लहान मुलांना खोकल्यावर ज्याचा रस देतात तोच हा जाड, लवदार पानांचा ओवा. त्याची चार पाने बारीक चिरून घातली. हे सर्व मटणाला चोळून तीन तास ठेवावे. लिंबाचा रस मात्र शेवटच्या अर्ध्या तासात लावावा, कारण आंबटपणात फार वेळ राहिले तर तुकड्यांचा वरचा थर भुसभुशीत होतो. मटण जून वाटले तर कच्च्या पपईचा चमचाभर कीस तेवढ्याच वेळापुरता लावावा. ही युक्ती ग्रीकांची नव्हे, आपली आहे. पण पपई जास्त झाली तर मटणाचा लगदा होतो.

सळयांसाठी मित्राने सायकलच्या तारा सुचविल्या होत्या. त्यांवर बहुधा जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असतो, त्यामुळे त्या टाळाव्यात. बांबूच्या कामट्या तासून अर्धा तास पाण्यात भिजत ठेवल्या की झाले. अथेन्सची ‘कालामाकी’ ती हीच. दिसेल त्या झाडाची काडी मात्र घेऊ नये. कण्हेर तर मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आहे. तुकडे फार दाबून ओवू नयेत. भाजण्यापूर्वी जादा तेल निथळू द्यावे, नाहीतर ते निखाऱ्यावर ठिबकून पुन्हा जाळ उठतो.

पऱ्हाटीने विस्तव पेटतो, पण तिचा निखारा टिकत नाही. त्यासाठी बाभळीचे लाकूड उत्तम. दोन बाजूंना विटा रचून कामट्या निखाऱ्यांपासून चार-पाच इंच वर राहतील असे करावे. त्या उंचीवर तळहात धरून पाहावा. तीन-चार आकडे मोजेपर्यंत सोसवला तर आच योग्य. त्याआधीच हात ओढून घ्यावा लागला तर थांबावे. मिनिटामिनिटाने कामटी फिरवीत राहिले की दहा-बारा मिनिटांत काम होते. एक तुकडा कापून पाहावा. आत कच्चा लाल रंग नसावा, पण रस असावा. उतरविल्यावर तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे.

जोडीला ग्रीक लोक ‘त्झात्झिकी’ करतात. नाव अवघड असले तरी प्रकार आपल्या काकडीच्या कोशिंबिरीचाच सख्खा भाऊ आहे. दही फडक्यात बांधून टांगावे, काकडी किसून मीठ लावून पिळून घ्यावी आणि दोन्हींत थोडा लसूण व तेल कालवावे. त्यांच्या जाड रोटीच्या जागी आम्ही ज्वारीची भाकरी घेतली. काही बिघडले नाही.

त्या संध्याकाळी मी बाभळीचा विस्तव करून बसलो. दोनदा कामट्या उचलल्या आणि दोन्ही वेळा ओसरीवरून आवाज आला, “थांब.” राख पांढरी झाली, तेव्हा आजी म्हणाली, “ठेव आता.” पण मी मटण ठेवले नाही. आधी कांद्याच्या फोडी आणि लहान वांग्यांचे काप ओवलेल्या दोन वेगळ्या कामट्या त्या कोऱ्या निखाऱ्यांवर भाजल्या आणि आजीला नेऊन दिल्या. मग मटण. बाबांनी पहिला तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि विचारले, “अजून आहे का?”

ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, पहिल्या खेपेला कांदे-वांग्यांवर हात बसवावा. ती करपली तर नुकसान थोडे. आजीने आपल्या दोन्ही कामट्या संपविल्या. “मीठ कमी पडलं,” एवढेच ती म्हणाली.

(बी. ए. भाग २)